डेटिंग ॲपवरचे भामटे ओळखायचे कसे : पुण्यातल्या नवख्यांसाठी पायरीपायरीने

डेटिंग ॲपवर किंवा लग्न जुळवणाऱ्या साइटवर पहिल्यांदा खातं उघडलं की प्रत्येकाला एकच प्रश्न पडतो : समोरचा माणूस खरा आहे की खोटा? याचं उत्तर चेहऱ्यात, आवाजात किंवा बोलण्याच्या गोडव्यात शोधू नका. फोटो खऱ्या माणसाचा असू शकतो, मराठी अस्खलित असू शकते, पत्रिकाही जुळू शकते. भामट्याला एकच गोष्ट लपवता येत नाही, ती म्हणजे गप्पा कुठे नेल्या जात आहेत. आधी ॲपवरून व्हॉट्सॲपवर, मग घरच्यांपासून आणि मित्रांपासून दूर, आणि शेवटी पैशांकडे. हिंजवडीत नोकरीला आलेला पंचविशीतला मुलगा असो, कोथरूडमधली घटस्फोटित शिक्षिका असो किंवा मुलं परदेशी गेल्यावर औंधात एकटे राहणारे निवृत्त गृहस्थ असोत, प्रत्येकासाठी आमिष वेगळं असतं, वाट मात्र हीच.

पायरी १ : खातं उघडण्याआधी

निम्मी सुरक्षितता पहिला मेसेज येण्याआधीच ठरते. ॲपसाठी वेगळा ईमेल काढा, जमलं तर वेगळं सिमही घ्या. बँकेला आणि यूपीआयला जोडलेला नंबर इथे वापरू नका. जो फोटो लिंक्डइनवर किंवा ऑफिसच्या वेबसाइटवर आहे तोच इथे टाकलात, तर फोटोवरून शोध घेऊन तुमचं पूर्ण नाव आणि कंपनी दोन मिनिटांत सापडते. फेसबुकवर मित्रांची यादी 'फक्त मी' अशी ठेवा, इन्स्टाग्राम खातं खासगी करा. ब्लॅकमेल करणारे सर्वांत आधी हीच यादी उतरवून घेतात, कारण 'तुझ्या मामाला व्हिडिओ पाठवतो' ही धमकी द्यायला त्यांना मामाचं नाव लागतं.

लग्नाच्या साइटवर आणखी एक काळजी घ्यायला हवी. आपल्याकडचा बायोडेटा म्हणजे माहितीचा खजिनाच असतो. जन्मतारीख, जन्मवेळ, मामाकूळ, वडिलांचा मोबाइल, सोसायटीचं नाव, शेतीचा आणि फ्लॅटचा तपशील, सगळं एका पानावर. जन्मतारीख आणि आईचं माहेरचं आडनाव बँका ओळख पटवायला विचारतात, हे ध्यानात घ्या. साइटवर टाकायचा बायोडेटा वेगळा करा : शिक्षण, व्यवसायाचं क्षेत्र, गाव, उंची आणि अपेक्षा एवढंच. पूर्ण बायोडेटा प्रत्यक्ष भेट झाल्यावर, घरच्यांच्या हातून जाऊ द्या.

पायरी २ : प्रोफाइल वाचणं

फोटोचा स्क्रीनशॉट काढा आणि फोटोवरून शोध घेणाऱ्या गूगल लेन्स किंवा टिनआयमध्ये टाका. एकदा पूर्ण फोटो, एकदा फक्त चेहरा आणि एकदा फक्त मागची पार्श्वभूमी, असे तीन वेळा शोधा. तोच चेहरा दुसऱ्या नावाने, दुसऱ्या देशात दिसला तर विषय संपला. काहीच सापडलं नाही म्हणून मात्र निर्धास्त होऊ नका. एआयने बनवलेला चेहरा कुठेच सापडत नाही, आणि कुणाच्या तरी खासगी इन्स्टाग्रामवरून उचललेला फोटोही शोधात येत नाही.

मग फोटो मोठा करून कडेच्या वस्तू बघा. मुक्काम पुणे लिहिलंय, पण गाडीचं स्टिअरिंग डावीकडे आहे का? भिंतीवरचं सॉकेट आपल्याकडचं आहे का? गाडीच्या पाटीवर एमएच १२ किंवा १४ दिसलं म्हणून माणूस पुण्याचा ठरत नाही, पण सहा फोटोंपैकी एकातही ओळखीचा रस्ता, दुकानाची मराठी पाटी किंवा इथलं घर दिसत नसेल तर तशी नोंद मनात ठेवा. सगळेच फोटो स्टुडिओत काढल्यासारखे गुळगुळीत आणि एकातही दुसरं माणूस नाही, हेही खटकायला हवं.

निळ्या खुणेवर फार विसंबू नका. प्रोफाइलमधला चेहरा आणि सेल्फीतला चेहरा जुळला, एवढंच ती खूण सांगते. नोकरी, पगार, लग्न झालंय की नाही, यातलं काहीच ती तपासत नाही.

पायरी ३ : पहिल्या आठवड्यातल्या गप्पा

इथे सर्वाधिक लक्ष द्या, कारण पुढचं सगळं इथे पेरलं जातं. पहिल्या किंवा दुसऱ्याच दिवशी हमखास येणारा मेसेज असा असतो : 'मी इथे फारशी नसते, ॲप काढूनच टाकणार आहे. तुमचा व्हॉट्सॲप नंबर द्या ना.' ही घाई का असते, ते समजून घ्या. ॲपवर कुणी तक्रार केली की खातं बंद होतं आणि सावज हातचं जातं. शिवाय बरीच ॲप्स संशयास्पद लिंक आणि पैशांचे उल्लेख पकडतात, तर व्हॉट्सॲपवर किंवा टेलिग्रामवर तुम्ही दोघंच असता. निदान पहिले दोन आठवडे ॲपवरच बोला. खऱ्या माणसाला यात अडचण नसते. फार तर तो जरा हिरमुसेल. रोज रात्री महत्त्वाच्या मेसेजचे स्क्रीनशॉट काढून ठेवा, कारण समोरच्याने मॅच तोडली की बहुतेक ॲप्सवर सगळ्या गप्पा तुमच्या फोनवरूनही गायब होतात.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी : 'तुमच्यासारखं समजून घेणारं मला आजवर कुणी भेटलं नाही.' तुम्ही तोवर समजून घेण्यासारखं काय केलं, हे स्वतःला विचारा. मग सकाळी सातला सुप्रभात, दुपारी एकला 'जेवलात का', रात्री अकराला आवाजातला निरोप असा रतीब सुरू होतो. एकट्या माणसाला त्याची सवय लागायला पंधरा दिवस पुरतात, आणि त्यात त्या माणसाची काही चूक नसते. सवय लागली की वाक्य येतं : 'आपलं सध्या कुणाला सांगू नको, नजर लागते.' सगळ्या खुणांत ही आम्हाला सर्वांत गंभीर वाटते. पैशांची मागणी ओळखणं सोपं आहे. पण ती मागणी येईपर्यंत तुमच्याजवळ सल्ला द्यायला कुणीच उरलेलं नसेल, तर ओळखूनही हात थांबत नाही. म्हणून पहिल्याच दिवशी एक माणूस ठरवा. बहीण, मित्र, ऑफिसातली मैत्रीण, कुणीही. आठवड्यातून एकदा त्याला चॅट वाचायला द्या.

काही बारीक खुणा. एकच माणूस दुपारी 'मी गेले होते' लिहितो आणि रात्री 'मी गेलो होतो', किंवा सकाळी 'तुम्ही' आणि रात्री कारण नसताना 'तू'. खातं पाळीपाळीने वेगवेगळी माणसं चालवत असतील तर असं होतं. तुम्ही विचारलेल्या साध्या प्रश्नाला बगल देऊन लांबलचक, नीटनेटका परिच्छेद येणं. आधी सांगितलेली माहिती पुन्हा विचारणं. आणि तुमच्या घराबद्दल, ठेवींबद्दल, 'मुलं पैसे पाठवतात का' याबद्दल सहज म्हणून चौकशी.

पुण्यात राहतो म्हणणाऱ्याला राहणाऱ्यालाच विचारावेत असे प्रश्न विचारा. 'गुरुवारी पाणी बंद असतं तेव्हा तुमच्याकडे टँकर येतो का?' 'कर्वेनगरहून मेट्रोला कुठून चढता?' उत्तर बरोबर की चूक यापेक्षा ते कसं येतं ते बघा. बरोबर उत्तर कुणालाही शोधून देता येतं. इथे राहणारा मात्र नळ स्टॉपच्या गर्दीबद्दल नाहीतर सोसायटीच्या अध्यक्षांबद्दल दोन वाक्यं तक्रार केल्याशिवाय राहत नाही. भामट्याचं उत्तर कोरडं आणि अचूक येतं, आणि लगेच विषय बदलतो.

पायरी ४ : चेहरा आणि भेट

दहा दिवसांच्या आत व्हिडिओ कॉल मागा, शक्यतो दिवसा आणि आधी वेळ न ठरवता. कॉलवर दोन गोष्टी सहज करायला सांगा : मान पूर्ण वळवून कान दाखवणं, आणि तळहात चेहऱ्यासमोरून सावकाश फिरवणं. चेहरा बदलणारं सॉफ्टवेअर बोटांच्या आणि कानाच्या कडेला अनेकदा फाटतं. तंत्र दिवसेंदिवस सुधारतंय, म्हणून ही परीक्षा पास झाली तरी माणूस खरा असं धरू नका. वीस सेकंदांत 'नेटवर्क गेलं' म्हणून तुटणारा कॉल बहुधा आधी रेकॉर्ड केलेला असतो. कॅमेरा कायमचाच बिघडलेला असेल तर तिथेच थांबा.

उलट बाजूनेही जपा. नव्या ओळखीच्या माणसाचा रात्री अचानक व्हिडिओ कॉल आला तर आधी कॅमेऱ्यावर अंगठा ठेवा. समोर नग्न व्यक्ती दाखवून, तुमच्या चेहऱ्यासह स्क्रीन रेकॉर्ड करून पैसे उकळणं हा फार चालणारा धंदा आहे. त्यासाठी तुम्ही कपडे काढण्याचीही गरज नसते.

पहिली भेट दिवसा, वर्दळीच्या ठिकाणी. जागा तुम्ही निवडा : फर्ग्युसन रस्ता, जंगली महाराज रस्ता, एखादा मॉल. समोरच्याने हट्टाने एकच ठरावीक कॅफे किंवा बार सुचवला, पोचल्यावर मेन्यूकार्ड न दाखवता भराभर ऑर्डर दिली आणि मग कामाच्या निमित्ताने उठून गेला, तर बिल हजारोंत येतं. मालकाशी संगनमत करून चालणारा हा प्रकार दिल्ली-मुंबईत गाजलेला आहे. दर बघितल्याशिवाय काहीही मागवू देऊ नका. दमदाटी झाली तर ११२ हा आपत्कालीन नंबर लावा.

समलिंगी ॲप वापरणाऱ्यांनी टेकडी, नदीपात्र किंवा कुणाची रूम हे पहिल्या भेटीचं ठिकाण म्हणून साफ नाकारावं. तिथे टोळकं थांबलेलं असतं, आणि 'पोलिसांत देऊ, घरी सांगू' या धमकीवर लूट होते. दोन सज्ञान व्यक्तींचे परस्परसंमतीचे समलिंगी संबंध हा सर्वोच्च न्यायालयाच्या ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालापासून गुन्हा नाही. तक्रार करायला गेलात तर आरोपी तुम्ही नाही, ते आहेत.

पायरी ५ : सांगितलेलं पडताळणं

स्थळाची चार ठिकाणी चौकशी करायची आपली जुनी रीत ऑनलाइनही तितकीच लागू आहे. डॉक्टर म्हणत असेल तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक विचारा. कंपनीचा डायरेक्टर असेल तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर कंपनीचं नाव टाकून बघा. बाणेरला स्वतःचा फ्लॅट आहे म्हणाला आणि गोष्ट लग्नापर्यंत आली, तर इंडेक्स टू, म्हणजे घराच्या दस्तनोंदणीचा सरकारी उतारा, मागण्यात गैर काही नाही. नोंदणी विभागाच्या वेबसाइटवर तो शोधताही येतो. घटस्फोट 'झालाच आहे, फक्त कागद यायचाय' असं असेल तर कागद येईपर्यंत थांबा आणि निकालाची प्रमाणित प्रत बघा. पुण्याचं कौटुंबिक न्यायालय शिवाजीनगरला आहे, ज्याचा घटस्फोट झाला त्याला प्रत मिळवणं अवघड नाही.

लष्कराचं नाव पुण्यात पटकन खपतं, कारण दक्षिण कमांड, एएफएमसी, खडकवासल्याची एनडीए सगळं इथेच आहे. 'सध्या सीमेवर आहे, कॅमेरा वापरायची परवानगी नाही' हे पालुपद आणि न मागता पाठवलेला लष्करी ओळखपत्राचा फोटो, ही जोडी दिसली की समजा. खरा अधिकारी ओळखपत्राचा फोटो अनोळखी माणसाला पाठवत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेवरचा डॉक्टर 'रजा मंजूर व्हायला फी भरावी लागते' म्हणत असेल, तर तशी कुठलीही फी नसते.

पायरी ६ : पैशांचा पहिला उल्लेख

नियम एकच ठेवा : जोवर घरच्यांसमक्ष ओळख झालेली नाही, तोवर एक रुपयाही जाणार नाही आणि येणारही नाही. 'येणार नाही' हेही तितकंच महत्त्वाचं आहे. 'माझं खातं बंद पडलंय, माझे चाळीस हजार तुझ्या खात्यात घेते, तू पुढे पाठव' ही विनंती मदतीसारखी दिसते. ते पैसे दुसऱ्या फसवलेल्या माणसाचे असतात. खातं तुमचं गोठवलं जातं आणि चौकशीला तुम्हाला जावं लागतं.

सुरुवात बहुधा चिल्लर रकमेने होते. 'जीपे चालत नाहीये, पाचशे पाठव ना, संध्याकाळी देते.' संध्याकाळी पाचशे खरंच परत येतात. ते परत येणं हाच गळ आहे, कारण पुढच्या वेळी आईच्या ऑपरेशनसाठी पन्नास हजार मागितले की तुम्हाला ती संध्याकाळ आठवते. परत करतानाही एक डाव असतो : 'पैसे मिळवण्यासाठी हा क्यूआर स्कॅन करून पिन टाक.' यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी कधीच लागत नाही.

परदेशातून पार्सलचा प्रकार जुना झाला तरी चालतो. लंडनहून घड्याळ, दागिने आणि पाउंड पाठवल्याचा फोटो येतो, मग 'दिल्ली विमानतळावरच्या कस्टममधून' एका बाईंचा फोन. आधी ड्युटी, मग दंड, मग 'मनी लाँडरिंग नसल्याचं प्रमाणपत्र'. कस्टम ड्युटी कुणाच्याही वैयक्तिक बचत खात्यात भरली जात नाही. कस्टमच्या पत्रावर डीआयएन, म्हणजे त्या पत्राचा ओळख क्रमांक असतो, आणि तो सीबीआयसीच्या (कस्टम ज्याच्या हाताखाली येतं त्या केंद्रीय मंडळाच्या) वेबसाइटवर तपासता येतो.

सध्या माणसांना सर्वांत खोल खड्ड्यात घालणारा प्रकार गुंतवणुकीचा आहे. इथे पैसे मागितलेच जात नाहीत. महिनाभर प्रेमाच्या, भावी घराच्या गप्पा होतात. मग हाँगकाँगचा किंवा दुबईचा एखादा काका उगवतो, ज्याला बाजाराची आतली खबर असते. 'मी पैसे मागत नाहीये, तू स्वतःच्याच खात्यात टाक' म्हणून एका ॲपची लिंक येते. दहा हजार टाकले की स्क्रीनवर बारा दिसतात, आणि पहिल्यांदा ते काढताही येतात. मग लाख, मग एफडी मोडून दहा लाख. काढायला गेलात की 'आधी २० टक्के टॅक्स भरा'. हे कळणं सोपं आहे : कर नफ्यातून कापला जातो किंवा रिटर्न भरताना भरला जातो, स्वतःचेच पैसे काढण्याआधी वेगळा भरावा लागत नाही. दुसरी खूण : प्रत्येक वेळी पैसे भरायचं खातं बदलतं, आणि ते कुठल्या तरी 'ट्रेडर्स' नाहीतर 'एंटरप्रायझेस'चं असतं. ब्रोकर सेबीकडे, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेकडे, नोंदवलेला आहे का, ते सेबीच्या वेबसाइटवरच्या यादीत बघा. चॅटमध्ये आलेल्या प्रमाणपत्राच्या फोटोवर जाऊ नका. समोर मेसेज टाइप करणारा माणूस अनेकदा स्वतःच डांबून ठेवलेला असतो. २०२५ च्या मार्चमध्ये म्यानमार-थायलंड सीमेवरच्या, अशी फसवणूक चालणाऱ्या अड्ड्यांमधून सुटलेल्या शेकडो भारतीयांना वायुदलाच्या विमानांनी परत आणावं लागलं.

फाइलींबद्दल थोडक्यात : लग्नपत्रिका, फोटो किंवा 'भेटीसाठी सेफ्टी रजिस्ट्रेशन' म्हणून आलेल्या फाइलच्या नावाच्या शेवटी एपीके असेल तर उघडू नका. ते ॲप असतं, आणि एकदा बसलं की तुमचे ओटीपी वाचू शकतं.

पायरी ७ : पैसे गेलेच तर

पहिला तास मोलाचा असतो, कारण पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात भराभर पळवले जातात. ते वाटेतच गोठवता यावेत म्हणून लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन लावा. हाताशी ठेवा : व्यवहाराची तारीख, वेळ, रक्कम, तुमची बँक, समोरचा यूपीआय आयडी किंवा खातं, आणि व्यवहाराचा यूटीआर क्रमांक. यूपीआयमध्ये तो बारा आकडी असतो आणि ॲपच्या इतिहासात सापडतो. लाइन लागत नसेल तर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर तक्रार नोंदवा. सोबत बँकेलाही कळवा. चॅट पुसू नका आणि समोरच्याला 'पोलिसांत गेलोय' असं सांगूही नका.

त्यानंतर पोलीस ठाणं. कोथरूड, हडपसर, सिंहगड रस्ता पुणे शहर आयुक्तालयात येतात. हिंजवडी, वाकड, निगडी, भोसरी, चाकण पिंपरी-चिंचवड आयुक्तालयात. हद्दीवरून परत पाठवलं तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कोणतीही असो, गुन्ह्याची माहिती नोंदवून घ्यावी लागते, हे शांतपणे सांगा.

व्हिडिओवरून धमकी आली असेल तर एकही हप्ता देऊ नका. पहिला हप्ता मिळाला की दुसरा मागितलाच जातो. मग 'सीबीआय अधिकारी' किंवा 'यूट्यूबचा अधिकारी' बनून दुसरा माणूस फोन करतो, तोही त्याच टोळीतला. तो 'डिजिटल अरेस्ट'ची, म्हणजे व्हिडिओ कॉलवरच अटकेत ठेवण्याची, भीती घालेल, पण तसं काहीही कायद्यात नाही. नंबर, खाती, मेसेज यांचे स्क्रीनशॉट काढा, मग ब्लॉक करा. स्टॉपएनसीआयआय या मोफत सेवेत व्हिडिओ अपलोड करावा लागत नाही. तुमच्याच फोनवर त्याची सांकेतिक खूण तयार होते आणि सहभागी प्लॅटफॉर्म त्यावरून तो पसरण्याआधी अडवतात. जवळच्या दोघातिघांना स्वतःच सांगून टाका : 'माझा बनावट व्हिडिओ येऊ शकतो, उघडू नका, मला कळवा.' धमकीचा जोर तिथेच निम्मा होतो.

तक्रारीनंतर काही दिवसांत 'तुमचे पैसे परत मिळवून देतो' म्हणणारे फोन येतील. कुणी वकील म्हणेल, कुणी सायबर तज्ज्ञ, कुणी थेट पोलीस. तुमची माहिती त्याच टोळीने पुढे विकलेली असते. कोणी आधी फी मागितली तर फोन ठेवा, आणि तक्रारीचं पुढे काय झालं ते १९३० च्या पोचपावतीवरचा क्रमांक घेऊन ठाण्यातच विचारा.